लिनक्स टाकल्यापासून लॅपटॉप तापतो आणि बॅटरी लवकर उतरते

प्रश्न (सिडको, नाशिक)
नमस्कार. माझ्या सहा वर्षांच्या लॅपटॉपवरचे विंडोज काढून मी गेल्या महिन्यात उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकले. त्यात इंटेलचा प्रोसेसर आणि एन्व्हिडियाचे वेगळे, बरेच जुन्या पिढीचे ग्राफिक्स कार्ड आहे. पूर्वी तीन तास पुरणारी बॅटरी आता दीड तासात उतरते, आणि साधी प्रश्नपत्रिका टाइप करतानाही पंखा घोंघावत राहून कीबोर्डच्या वरची पट्टी चटका बसावा इतकी तापते. मे महिना आहे हे मान्य, पण मागच्या मे महिन्यात असे होत नव्हते. टीएलपी हा बॅटरी वाचवणारा प्रोग्रॅम टाकूनही फरक पडला नाही. शिवाय झाकण मिटून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप सीबीएस बसस्थानकाहून घरी येईपर्यंत गरम झालेला असतो. नेमके कुठे पाहावे?

उत्तर (इंदिरानगर)
आणखी काही टाकण्याआधी वीज किती जाते ते मोजा. चार्जर काढा, सगळे प्रोग्रॅम बंद करा आणि पॉवरटॉप हा वीज मोजणारा प्रोग्रॅम चालवा. बॅटरीतून किती वॅट जात आहेत ते त्यात दिसते. नुसता चालू असताना आकडा पंधराच्या वर असेल, तर माझा संशय एन्व्हिडियावर आहे. एन्व्हिडियाच्या 'ट्युरिंग' या पिढीच्या आधीची कार्डे 'ऑन-डिमांड' (गरजेपुरते चालू) निवडले तरी पूर्ण झोपत नाहीत. एन्व्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर असेल तर प्राइम-सिलेक्टमध्ये (कोणते ग्राफिक्स वापरायचे ते ठरवणारी सोय) 'इंटेल', म्हणजे प्रोसेसरमधले ग्राफिक्स, निवडून लॅपटॉप पुन्हा सुरू करा. मात्र काही लॅपटॉपमध्ये एचडीएमआयची जोडणी त्याच कार्डाला असते, त्यामुळे वर्गात प्रोजेक्टर लावणार असाल तर आधी घरी तपासून पाहा.

उत्तर (पंचवटी)
वरील मताशी सहमत आहे. टीएलपी आणि उबुंटूची पॉवर-प्रोफाइल सेवा एकाच वेळी चालू ठेवू नका, कारण दोन्ही त्याच सेटिंगमध्ये हात घालतात. बॅगेतल्या उष्णतेचे कारण वेगळे असावे. 'सिस' या सिस्टिम फोल्डरमधल्या 'पॉवर' फोल्डरातील 'मेम-स्लीप' फाइल उघडा. चालू पर्याय दाखवणारा कंस 'एस-टू-आयडल'भोवती असेल तर ती हलकी झोप आहे. शेजारी 'डीप' (गाढ झोप) दिसत असेल तरच ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) तो पर्याय कायमचा करा. काही यंत्रांच्या बायोसमध्ये (यंत्रातले मूळ सॉफ्टवेअर) तो नसतोच.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. पॉवरटॉपमध्ये एकोणीस वॅट दिसत होते, 'इंटेल' निवडल्यावर सात झाले. 'डीप' उपलब्ध होते. काल बॅगेतून लॅपटॉप गार निघाला. एचडीएमआय मात्र बंद पडले आहे, म्हणून प्रोजेक्टरच्या दिवशी आदल्या रात्रीच कार्ड पुन्हा सुरू करून ठेवतो.