मदत हवी आहे : सीमेवरील जवानांना दिवाळीचा फराळ पाठवण्याबाबत

आमच्या शाळेच्या स्काऊट-गाईड पथकाने यंदाच्या ‘खरी कमाई’तून मिळणारी सर्व रक्कम सीमेवर तैनात जवानांना फराळ पाठवण्यासाठी वापरायचे ठरवले आहे. मुले सायकली पुसून, बागांना पाणी घालून आणि स्वतः केलेले आकाशकंदील विकून पैसे जमवत आहेत. वर्गणी मागायची नाही, कष्टानेच मिळवायचे, हा त्यांचा आग्रह मला मनापासून पटतो.

अडचण पत्त्याची आहे. ‘५६ एपीओ’ या लष्करी टपाल कार्यालयामार्फत जाणाऱ्या टपालावर युनिटचे नाव लागते आणि आमच्या ओळखीत सध्या सेवेत असलेले कोणी नाही. त्यामुळे एखाद्या युनिटची रीतसर संमती मिळवण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे अर्ज करावा की अन्य कोणाकडे, हे असे काम केलेल्यांनी कृपया सांगावे.

चिरोटे व करंज्या वाटेत मोडतात, म्हणून शंकरपाळी, बेसनाचे लाडू आणि भाजक्या पोह्यांचा चिवडा एवढेच ठेवले आहे. पार्सल दिवाळीआधी किती आठवडे टाकावे? प्रत्येक डब्यात मुलांचे हस्तलिखित पत्रही असेल. त्यावर मुलाचे पूर्ण नाव आणि शाळेचा पत्ता लिहिणे योग्य ठरेल का, याविषयीही मार्गदर्शन हवे आहे.