स्क्रोल सॉवर बारीक जाळी कापताना कागद सुटतोय, मदत हवी आहे

नमस्कार, इथे स्क्रोल सॉ (बारीक ब्लेड वर-खाली चालवून नक्षी कापायचं मशीन) वापरणारं कुणी आहे का? एका ठिकाणी अडकलेय.

मी चिपळूणला असते. घरच्या देवघराला दोन दारं करतेय, ६ मिमी सागाच्या फळ्या आहेत आणि त्यात कमळ आणि वेलीची जाळी कापायची आहे. डिझाईन कॉम्प्युटरवर काढलंय, प्रिंट काढून फळीवर चिकटवते आणि रेषेवरून कापत जाते. मोठे आकार छान निघतात, पण जिथे दोन भोकांच्या मधे लाकूडच तीन-साडेतीन मिमी उरतं तिथे कागदाची ती चिंचोळी पट्टी सुटते, मग ब्लेडबरोबर वर-खाली फडफडायला लागते आणि रेषा नक्की कुठे आहे तेच कळत नाही. पाकळीचं टोक अंदाजाने कापलं तर एकेक पाकळी वेगळी होणार, आणि जाळीत एक पाकळी जरी वेगळी असली तरी तीच दिसत राहते.

मुलांची शाळेची गोंदाची कांडी लावून झाली, सुकल्यावर कागद कडेने कुरळा होतो. पांढरा वुड ग्लू पातळ करून लावला तर तो असा बसला की कागद पटाशीने खरवडावा लागला, शिवाय ओलीने कागद ताणला जाऊन माप वाढलं आणि इंकजेटची शाई पसरली ती वेगळीच. दोन्हीकडून चिकटणारा टेप लावला तर त्याचा गोंद ब्लेडच्या दातात जाऊन बसतो.

मशीन १६ इंची आहे, पिन नसलेली ब्लेडं वापरते, जाळीला २ नंबर (नंबर जितका कमी तितकं ब्लेड बारीक). भुसा उडवायचा ब्लोअर चालूच असतो. आणि हो, इकडे सध्या पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये, घरात वर्तमानपत्र सुद्धा दमट लागतंय. गणपतीच्या आधी दारं बसवायची आहेत. कागद शेवटपर्यंत फळीला धरून राहील आणि नंतर सागाला डाग न पाडता निघेल असं काही आहे का?

प्रतिसाद

ताई, गोंद बदलायच्या आधी फळी बघा. दहापैकी नऊ वेळा कागद लाकडाला चिकटलेलाच नसतो, तो लाकडावरच्या भुशाला चिकटलेला असतो. पॉलिश पेपर मारल्यावर हाताने झटकलं की फळी स्वच्छ दिसते पण रेषारेषात पीठ असतंच. २२० नंबरचा पेपर मारा, ब्रशने झाडा, मग थिनरमध्ये भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या. सागाला तर हे करायलाच हवं कारण साग मुळात तेलकट लाकूड, वरचं तेल पुसलं नाही तर भले भले गोंद त्याच्यावर नीट बसत नाहीत. पुसल्यावर फार वेळ ठेवू नका, त्याच दिवशी कागद लावा.

दुसरं, पावसाळ्यात पाण्यातला कुठलाही गोंद नको. कांडी काय, वुड ग्लू काय, खळ काय, सगळ्यात पाणी आहे, आणि कागद पाणी प्यायला की फुगतो, सुकला की आक्रसतो, त्या ओढाताणीत आधी कडा सुटतात. तुमची चिंचोळी पट्टी म्हणजे दोन्ही बाजूंनी कडाच, मधे धरायला काही उरतच नाही. आणि इंकजेटची प्रिंट थेट न लावता तिची झेरॉक्स काढून लावा, झेरॉक्सची शाई पाण्याने पसरत नाही. फक्त झेरॉक्सवाल्याला १०० टक्के साईजवर काढायला सांगा आणि घरी पट्टी लावून मोजून बघा, तिकडे एखादा टक्का इकडेतिकडे होतो आणि मग दारं चौकटीत बसत नाहीत.

प्रतिसाद

वरच्या दादांचं बरोबर आहे, त्यात माझी भर. मी अमेरिकेत ओहायोत असतो, इकडे बहुतेक लोक कागद थेट लाकडावर लावतच नाहीत. आधी लाकडावर मास्किंग टेप, त्याच्यावर स्प्रेच्या गोंदाने (डब्यातून फवारायचा गोंद) कागद, आणि कागदावर परत पारदर्शक पॅकिंग टेप.

खालचा टेप दोन कामं करतो, एक म्हणजे काम झाल्यावर टेप ओढला की कागदासकट निघतो, गोंद लाकडाला लागतच नाही. दुसरं, स्प्रेचा गोंद टेपच्या गुळगुळीत पाठीवर लाकडापेक्षा चांगला बसतो. इकडे निळा टेप वापरतात, तुम्हाला गाड्या रंगवणाऱ्यांना सामान देणाऱ्या दुकानात दोन इंची मास्किंग टेप मिळेल तो चालतो. पट्ट्या एकमेकींना टेकवून लावा, एकावर एक चढवू नका, नाहीतर तिथे उंचवटा येतो आणि कागद नेमका तिथून उचलतो. नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने घासून बसवा.

वरच्या पारदर्शक टेपचा फायदा मला स्वतःला सगळ्यात जास्त वाटतो. तुमची तीन मिमीची पट्टी मग नुसता कागद राहत नाही, ती फाटत नाही आणि ब्लोअरच्या वाऱ्याने उडत पण नाही. शिवाय त्या टेपमुळे ब्लेड घासून लाकूड जळायचं बरंच कमी होतं, सागासारख्या लाकडात कापाची बाजू काळी पडते ना, ती तितकी पडत नाही. एकच त्रास, टेपवर दिवा चमकतो आणि रेषा दिसत नाही, तर दिवा डोक्यावरून न घेता बाजूने घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार, भुशाचं तर लक्षातच आलं नव्हतं. स्प्रे कागदावर मारायचा की टेपवर? आणि किती वेळ थांबायचं? ३एमचा सुपर ७७ ऑनलाईन दिसतोय, तोच ना?

प्रतिसाद (ओहायो)

हो, तो चालेल. पण तो बराच कडक आहे म्हणून फक्त कागदाच्या पाठीवर मारा, फळीकडे कधीच नाही. खोक्यात कागद उलटा ठेवून साधारण एका फुटावरून हलका हात फिरवा, ओला दिसेल इतका नको. मग लगेच लावू नका, बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही इतका सुकू द्या, मिनिटभर तरी, तुमच्याकडच्या हवेत अजून थोडा जास्तच. ओला असताना लावला की फुगे येतात. एका कडेपासून दाबत दाबत लावा. मारताना खिडक्या उघड्या आणि गॅस, समई, उदबत्ती सगळं बंद, तो स्प्रे पेट घेतो, हे प्लीज लक्षात ठेवा.

प्रतिसाद

मी पुण्यात देवनागरी नावाच्या पाट्या कापते, तर स्प्रे नको असेल त्यांच्यासाठी सांगते. कुरिअरचे पत्ते छापायला ए४ स्टिकर शीट मिळते ना, पूर्ण पानाची, न कापलेली, त्यावर थेट प्रिंट काढा आणि मास्किंग टेपवर चिकटवा. सगळीकडे सारखा गोंद, ओल नाही, वास नाही. पण ती थेट लाकडावर लावून रात्रभर ठेवलीत तर काढताना रडवते, म्हणून खाली टेप हवाच.

रेषेचा रंग पण बदलून बघा. काळी जाड रेषा आणि कापाची काळी फट यातला फरक कळत नाही, मी लाल आणि अगदी बारीक रेषा छापते, मग थकल्या डोळ्यांनाही ब्लेड कुठे आहे ते दिसतं. काळी-पांढरी झेरॉक्स काढणार असाल तर मूळ रेषाच फिकट करडी ठेवा.

आणि डिझाईनकडे एकदा परत बघा हो ताई. पाट्यांमध्ये शिरोरेषा सगळ्या अक्षरांना धरून ठेवते पण अनुस्वार सुटा पडतो, त्याला मी मुद्दाम एक बारीक पूल देते. तुमच्या वेलीत पण जिथे तीन मिमी आहे तिथे चार करता आलं तर करा, कागदाला पण जागा मिळते आणि लाकडालाही. सागाचे रेषे वेलीला आडवे जात असतील तर तो नाजूक भाग नुसत्या बोटाने तुटतो. रेषे कुठल्या दिशेला आहेत ते बघूनच कागद फळीवर फिरवा.

प्रतिसाद

सांगलीला सुताराचं दुकान आहे आमचं. गोंदाचं सगळ्यांनी सांगितलं, मी मशीनचं सांगतो. कागद सुटायचं अर्धं कारण फळी थरथरते. ब्लेड वर जाताना फळीला उचलतं, कागदाला पण उचलतं. ब्लेड बोथट झालं की माणूस जोर लावतो आणि ते अजून वाढतं. सागात ब्लेड लवकर मरतं, ओढूनताणून वापरू नका, कापताना फळी ढकलावी लागतेय असं वाटलं की बदला. ताण पण बघा, ढिलं ब्लेड वाकतं आणि रेषा सोडून जातं.

फळी दाबून धरणारा पाय असेल तर तो कागदाच्या उचललेल्या कडेत अडकतो, मी तर तो काढूनच टाकतो आणि दोन्ही हाताच्या बोटांनी धरतो. ब्लोअरचा वारा पुढून रेषेवर न मारता तिरका मागे जाऊ द्या.

कापायचा क्रम सगळ्यात महत्त्वाचा. मधली सगळ्यात बारीक भोकं आधी, बाहेरची मोठी नंतर आणि चौकटीची कड सगळ्यात शेवटी. मोठं भोक आधी कापलंत की बाजूची पट्टी लोंबते, मग तिथे कसलाही गोंद लावा, ती हलणारच. ब्लेड आत घालायची सगळी छिद्रं एकदमच पाडून घ्या, ड्रिलने कागद फाटून वर येतो म्हणून वरचा पारदर्शक टेप लावल्यावरच पाडा आणि खाली रद्दी लाकूड ठेवा.

दोन दारं आहेत तर एकेक कशाला कापता? दोन्ही फळ्या एकावर एक ठेवा, चांगल्या बाजू समोरासमोर, वाया जाणाऱ्या भागात चार बारीक चुका ठोका, बाहेरून टेप गुंडाळा आणि एकदाच कापा. उघडल्यावर एक उजवं एक डावं, वेल आपोआप एकमेकांकडे वळते. मात्र जाडी १२ मिमी होते, २ नंबरचं ब्लेड पुरणार नाही, ५ नंबर घ्या. आणि आधी गुण्या लावून ब्लेड टेबलाला काटकोनात आहे का बघा, नाहीतर वरची आणि खालची पाकळी एका मापाची येत नाही.

धागाकर्ती

दादा, हे एकदम पटलं. आज रद्दी सागाच्या दोन तुकड्यांवर करून बघितलं, थिनरने पुसून, मास्किंग टेप, स्टिकर शीट, वर पॅकिंग टेप, आणि आतली भोकं आधी. कागद शेवटपर्यंत जागचा हलला नाही, दोन्ही तुकड्यांची पाकळी सारखी आली. ५ नंबरने टोकं किंचित गोल येतात, ती बारीक कानशीने काढेन. आता एकच शंका, मास्किंग टेप काढल्यावर एका जागी थोडा चिकटपणा राहिलाय, तो कसा काढू? पुढे त्यावर पॉलिश करायचंय.

प्रतिसाद (सांगली)

टेप जास्त वेळ राहिला की तसं होतं, कापून झालं की त्याच दिवशी काढत जा. नाजूक जागी टेप सरळ वर न ओढता फळीलगत दुमडून ओढा, आधी हेअर ड्रायरची थोडी ऊब दिली की सहज येतो. राहिलेल्या चिकटपणावर फडक्याला टर्पेंटाईन लावून हलकं पुसा, ओतू नका. पूर्ण उडून गेलं की ३२० चा एक हात मारा आणि मगच पॉलिश.