मदत हवी आहे: लेक चालताना बोलली की पाय थांबतात (ए.एल.एल., मेंटेनन्स चालू)

नमस्कार. माझी मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. दीड वर्षापूर्वी ए.एल.एल. निघाला, म्हणजे ब्लड कॅन्सर. आता मेंटेनन्स, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून दीर्घकाळ द्यायची सौम्य केमो, चालू आहे: रोज रात्री सिक्स एमपी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, या केमोच्याच गोळ्या. रिपोर्ट चांगले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न चालण्याचा आहे.

विन्क्रिस्टीन हे केमोचं औषध चालू असताना तिचे पाय पार गळाले होते. पाऊल वर उचललं जायचं नाही, फरशीवर थप थप आवाज यायचा, चप्पल निसटून मागे राहिली तरी हिला पत्ता नसायचा. औषधाने नसांवर परिणाम होतो, भरून यायला महिने लागतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. (हे औषध सदाफुलीपासून काढतात हे कळल्यापासून दारातल्या कुंडीवर रागवावं की तिला हात जोडावेत, ते कळत नाही.) शेवटचा डोस होऊन चार महिने झाले. टॉवेलने पोटऱ्या ताणणं, टाचांवर चालणं, सगळं नेमाने करतो. ओपीडीच्या पॅसेजमध्ये डॉक्टरांनी चालायला लावलं तर छान सरळ चालते.

पण ते पॅसेजमध्ये. घरी वेगळंच दिसतं. परवा स्वयंपाकघरातून वाटी घेऊन येत होती, मी सहज विचारलं, "गृहपाठ झाला का गं?" ती जागच्या जागी थांबली, एक हात भिंतीला लावला, "गणिताचा राहिलाय" म्हणाली आणि मग पुन्हा चालायला लागली. तेव्हापासून लक्ष ठेवून आहे. दर वेळी हेच. बोलायचं तर थांबायचं, चालायचं तर गप्प. हातात काही असेल आणि कोणी हाक मारली तर धडपडते. शाळेत मधल्या सुट्टीत डबा हातात, बाजूला पोरांचा कलकलाट, त्यात दोनदा पडली. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "लक्ष देत नाही." ते ऐकून वाईट वाटलं, कारण ती लक्ष देते म्हणूनच थांबते असं मला वाटतं.

मला विचारायचंय ते हे:
हा पायांचा प्रश्न की डोक्याचा? पाठीतून मेथोट्रेक्सेटची इंजेक्शनं झाली आहेत, त्यांचा लक्षावर परिणाम होऊ शकतो असं ऐकलंय. ती चालत असताना आम्ही बोलायचंच नाही का, की मुद्दाम सराव करून घ्यायचा? आणि शाळेला काय लिहून द्यायचं?

शेजारच्या काकू तेलाने जोरात रगडायला आणि ताकदीचं टॉनिक द्यायला सांगताहेत. अजून तरी हो-हो करून टाळलंय.

प्रतिसाद

ताई, टाळलंत ते बरंच केलंत. बऱ्याच टॉनिकांत फोलिक ॲसिड असतं आणि मेथोट्रेक्सेट नेमकं फोलेटच्याच, म्हणजे याच जीवनसत्त्वाच्या, विरोधात काम करतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक चमचाही देऊ नका. प्लेटलेट कमी असतील तर रगडणंही नको.

आमचा मुलगा यातून गेलाय, आता अकरा वर्षांचा आहे. आमच्या फिजिओबाईंनी समजावलं ते सांगते. आपण चालतो तेव्हा पाय आपोआप पडतात. या मुलांना तळपाय नीट जाणवत नाही, म्हणून प्रत्येक पाऊल मनाने टाकावं लागतं. त्यातच मन खर्ची पडलं की बोलायला उरत नाही. इंजेक्शनांमुळे विचाराचा वेग थोडा मंदावला असेल तर दोन्हीकडून ओढाताण. त्यामुळे पाय की डोकं, याचं उत्तर बहुतेक वेळा 'दोन्ही'. डॉक्टरांना नुसतं चालून दाखवू नका, चालता चालता आकडे म्हणायला लावून दाखवा. आमच्याकडे तेव्हाच फरक दिसला.

गप्प बसू नका, पण जिन्यावर आणि रस्ता ओलांडताना बोलू नका. सराव घरात, मोकळ्या जागेत, बाजूला कोणीतरी उभं राहून. आधी नुसतं चालणं, मग हातात रिकामा पेला, मग अर्धा भरलेला, मग पाढे. पाऊल अजून वर उचललं जात नसेल तर बुटात बसणाऱ्या स्प्लिंटबद्दल, म्हणजे पाऊल उचलून धरणाऱ्या आधाराबद्दल, विचारा. आणि एक महत्त्वाचं: जांघेत किंवा गुडघ्यात दुखतं म्हणाली, लंगडली, तर ते नसांचं समजून थांबू नका. या उपचारात देतात त्या स्टेरॉईडने हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो, लगेच दाखवायचं.

शाळेसाठी डॉक्टरांकडून चार ओळी घ्या: दप्तर हलकं, वर्ग शक्यतो तळमजल्यावर, मधल्या सुट्टीत डबा बाकावरच. "लक्ष देत नाही" हा शेरा त्यानंतर थांबला आमच्याकडे.

धागाकर्ती

खूप आभार. काल करून बघितलं. स्वयंपाकघर ते गॅलरी, तीनचा पाढा. 'तीन सक अठरा'ला पाढा अडला आणि पायही थांबले. मग तिला म्हटलं, अडलं तर पाढा सोड, पाय सोडू नकोस. दुसऱ्या खेपेला एकवीस गाळून थेट चोवीसवर गेली, पण गॅलरीपर्यंत न थांबता पोचली.

जांघ दुखते का विचारलं तर "कधी कधी, डावीकडे" म्हणाली. मी विचारेपर्यंत बोलली नव्हती. सोमवारच्या ओपीडीची वाट न बघता उद्याच फोन करते.