मदत हवी आहे: डावीकडे वळताना दुचाकी दिसतच नाही

अबोली (मंगळवार, रात्री १०.४२)
लवकर उत्तर द्या, परवा सकाळी साडेआठला पुन्हा गाडी काढायची आहे.

आज दुपारी मुंबईत कांजूरमार्गच्या गांधीनगर जंक्शनला डावीकडे वळताना एक मुलगा बाईकसकट माझ्या गाडीला घासून पडला. पाठीवर डिलिव्हरीची चौकोनी बॅग. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, कोपर मात्र पार सोलवटलं. मी इंडिकेटर दिला होता, आरसाही बघितला होता. तिथे कुणीही नव्हतं हो! बॅगेतून रस्सा गळत होता आणि तो मुलगा कोपराकडे न बघता फोनवर गिऱ्हाइकाची माफी मागत होता. ते डोळ्यांसमोरून जात नाहीये.

महिन्याभरातली ही दुसरी वेळ. दुचाकी वेळेत दिसावी म्हणून नक्की काय करायचं, एवढंच सांगा. लोकलने जा, रिक्षा करा असं कृपया सांगू नका. सासूबाईंचं डायलिसिस आहे, आठवड्यातून तीनदा पवईला न्यावंच लागतं.

क्लच_ब्रेक
गाडी कोणती? पाऊस होता का? सिग्नलला उभ्या होतात की चालत्या गाडीतून वळलात? तो मागून आला की आधीपासून शेजारी होता? पहिल्या वेळी काय झालं होतं? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

कलम_काकू
पोलिसांत कळवलंत का? मोटार वाहन कायदा, कलम १३४. कुणाला लागलं असेल तर उपचार मिळवून देणं ही चालकाची जबाबदारी, आणि जागेवर पोलीस नसतील तर २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात खबर द्यायची. विमा कंपनीलाही कळवायचं. 'तो उठून गेला' म्हणून विषय संपत नाही.

अबोली
काकू, त्याला लगेच जवळच्या दवाखान्यात नेलं, मलमपट्टी केली, नंबर घेतला. ठाण्यात उद्या सकाळीच जाते.
क्लच_ब्रेक, साधी हॅचबॅक आहे. पाऊस नव्हता. जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) येत होते, एलबीएसला (लाल बहादूर शास्त्री मार्ग) मुलुंडकडे वळायचं होतं. सिग्नल सुटला आणि वळले. मागच्या वेळी मुलुंडला सासूबाईंनी उतरायला दार उघडलं आणि एक स्कूटर थोडक्यात वाचली. स्कूटरवर पुढे लहान मूल उभं होतं.

टोलनाका
दोन्हीकडचा डॅशकॅम बसवून घ्या. पुढचा आणि मागचा. मी बसवल्यापासून निर्धास्त आहे. उद्या कुणी खोटी तक्रार केली तर पुरावा हातात.

क्लच_ब्रेक
टोलनाका, त्यांना पुरावा नकोय, माणूस दिसायला हवाय. डॅशकॅम पडलेल्याचं चित्रीकरण करतो, पडण्याआधी सांगत नाही.

जुना_भांडुपवाला
चूक त्या पोराचीच. डावीकडून ओव्हरटेक करायचाच नसतो. हे डिलिव्हरीवाले फुटपाथसुद्धा सोडत नाहीत. दुचाकींना सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू तिन्हीकडे बंदी आहे ते उगाच नाही.

दुपारची_शिफ्ट
मी तेच काम करतो. पवई-कांजूर-भांडुप हाच माझा पट्टा. काका, मोठ्या पुलांवर बंदी म्हणून सगळ्या दुचाकी खालच्या रस्त्यांना येतात. तिथे मेट्रोच्या कामाचे पत्रे लागले की लेन अर्धी होते. उजवीकडे डंपर चालत असतो. मी डावीकडे नाही जाणार तर कुठे जाऊ? चुकतं आमचं, मान्य आहे. पण घाईचा पट्टा आमच्या गळ्यात कुणी बांधलाय तेही बघा.

ताई, गाडीवाल्यांना सहसा माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो. तुमच्या मागच्या दाराशी पोहोचलो की तुमचा मागचा इंडिकेटर आम्हाला दिसतच नाही. तो मागे राहिलेला असतो. तुम्ही सिग्नल सुटल्यावर इंडिकेटर दिलात तर आधीच शेजारी आलेल्या माणसाला कळणार कसं?

जुना_भांडुपवाला
म्हणजे आता आम्ही तुम्हाला विचारून वळायचं? नियम नियम असतो.

अबोली
चूक कुणाची हा प्रश्नच नाहीये माझा! धरा माझीच. पुढच्या वेळी तो मला दिसावा, एवढंच हवंय. दुपारची_शिफ्ट, इंडिकेटर मी खरंच सिग्नल सुटताना दिला. हे लक्षातच आलं नव्हतं.

डेपोतला
माझे वडील बेस्टमध्ये चालक होते. मला गाडी त्यांनीच शिकवली. ते म्हणायचे, डावीकडे वळायचं तर वळणाच्या बऱ्याच आधी डावीकडची फट बंद कर. कडेपासून मोटरसायकल शिरेल एवढी जागा ठेवलीस तर कुणीतरी शिरणारच. आधी इंडिकेटर, मग हळूहळू कडेला सरकायचं, मग सिग्नलला थांबायचं. मुंबईत लोक मधल्या लेनमध्ये उभे राहतात आणि तिथून एकदम डावीकडे घेतात. आपण तसंच करता का?

अबोली
हो. डाव्या लेनला रिक्षा उभ्या असतात म्हणून मी मधूनच येते.

नजर
डोळ्यांची एक गंमत नव्हे, धोका सांगतो. मान वेगाने फिरवली की डोळे एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतात, आणि त्या उडीच्या क्षणात मेंदू चित्र गाळतो. बाईक एवढी अरुंद वस्तू नेमकी त्या गाळलेल्या तुकड्यात बसू शकते. दुसरं, लहान वाहन आपल्याला आहे त्यापेक्षा लांब आणि सावकाश येतंय असं वाटतं. म्हणून २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचे हेडलाइट दिवसाही चालू असतात. उपाय साधा आहे. एक झटक्यात बघू नका. आरसा, थांबा, मग मान वळवून काच, आणि पुन्हा आरसा. पुढच्या काचेच्या खांबामागे माणूस लपतो, म्हणून बघताना जरा पुढेमागे हला.

पवईकर
गोल चिकटवायचे छोटे आरसे मिळतात, दोनशेच्या आत. लावून टाका. माझ्या तिन्ही गाड्यांना आहेत.

क्लच_ब्रेक
लावा, पण आधी मूळ आरसे नीट लावा. निम्मे लोक डाव्या आरशात स्वतःच्याच गाडीचं दार बघत बसतात. डोकं गाडीच्या मध्याकडे झुकवायचं आणि त्या स्थितीत आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल एवढा डावा आरसा बाहेर वळवायचा. सरळ बसलात की गाडी दिसणार नाही, शेजारची लेन दिसेल. उजव्यासाठी डोकं उजव्या काचेजवळ.
अबोली, डाव्या काचेवर काही आहे का? फिल्म? पुढे कोण बसतं?

अबोली
फिल्म नाही. पुढे सासूबाई बसतात. डायलिसिसनंतर त्यांना ऊन अजिबात सहन होत नाही म्हणून त्यांच्या काचेला काळी जाळी लावते, ती चिकटणारी.

क्लच_ब्रेक
ताई, हे आधी सांगायचं ना! तुम्ही आरसा त्या जाळीतूनच बघताय. वर त्यांचं डोकं, खांद्यावरची शाल. तुमच्या डावीकडे जवळजवळ भिंत आहे.

अबोली
जाळीतून दिसतं की. थोडं धुरकट, पण दिसतं.

दुपारची_शिफ्ट
धुरकटात काळं हेल्मेट आणि काळी बाईक काय दिसणार ताई.

कलम_काकू
शिवाय २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या काचांवर काळी फिल्म किंवा दुसरं काहीही लावायला मनाई केली आहे. कारण काहीही असो, दंड होऊ शकतो.

डेपोतला
दुपारी जेव्हीएलआरवरून पूर्वेला येताना ऊन मागून येतं, डाव्या काचेतून फारसं येत नाही. वळून मुलुंडकडे निघालात की डावी बाजू पश्चिमेला, तिथे ऊन अंगावर. सकाळी मुलुंडहून दक्षिणेला जाताना डावी बाजू पूर्वेला, पुन्हा ऊन. म्हणजे एलबीएसवर जाता-येता दोन्ही वेळा सावली उजवीकडे. सासूबाईंना तुमच्या मागच्या सीटवर बसवा. जाळीच नको.

पवईकर
आणि उतरायला उजवं दार उघडणार? ते थेट वाहतुकीत! मागच्या वेळी स्कूटर वाचली, या वेळी नाही वाचायची. डायलिसिसच्या हातावर भार देऊन त्या सीटवरून सरकणार कशा?

डेपोतला
त्या दाराला चाइल्ड लॉक लावायचं. आतून उघडणारच नाही. अबोलीताईंनी उतरून, मागे बघून, बाहेरून उघडायचं. आणि उतरवायचं ते शक्यतो आवारात, रस्त्यावर नाही.

पवईकर
स्वतः त्या वाहतुकीत उतरणार त्याचं काय?

क्लच_ब्रेक
त्यांना निदान दिसत असतं, आजींना दिसत नाही. आणि दार नेहमी दारापासून लांबच्या हाताने उघडायचं, चालकाने डाव्या. अंग आपोआप वळतं, नजर मागे जाते.

चेंबूरची_मीनल
थोडं अवांतर. मी मुलीला मागे बसवून क्लासला सोडते. मागच्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे का?

कलम_काकू
आहे. मुंबईत २०२२ च्या जूनपासून त्यावर कारवाईही सुरू झाली. आयएसआय खूण बघून घ्या, आणि पट्टा लावला नाही तर हेल्मेट असून नसल्यासारखं.

अबोली (गुरुवार, दुपारी ३.२०)
सगळ्यांना सांगायचं होतं म्हणून घरी आल्या आल्या लिहितेय.

काल सकाळी ठाण्यात जाऊन आले, विमा कंपनीला कळवलं. संध्याकाळी पार्किंगमध्ये भाच्याला सायकल घेऊन गाडीभोवती फिरवलं. मी चालकाच्या सीटवर, शेजारी सासूबाई. जिथे दिसेनासा होईल तिथे त्याने खडूने रेघ मारायची. जाळी असताना डाव्या बाजूला रेघ पुढच्या दाराच्या हँडलपासून मागच्या चाकाच्याही पलीकडे गेली. एक अख्खी सायकल, वर माणूस, आणि मला काहीही नाही. जाळी काढली, आरसा बाहेर वळवला, सासूबाईंना मागे बसवलं. हातभर रेघ उरली, तीही मान वळवली की पुसली जाते.

आज दोन्ही फेऱ्या त्या मागे बसल्या. गांधीनगरला आधीच कडेला सरकले, इंडिकेटर लवकर दिला. एक रिक्षावाला हॉर्न मारत राहिला, मी हलले नाही. चाइल्ड लॉकमुळे सासूबाई आधी चिडल्या, मला कोंडलंस म्हणाल्या. त्यांना खडूची रेघ दाखवली.

दुपारची_शिफ्ट
तो मुलगा कसा आहे?

अबोली
काल फोन केला होता. कोपर वाकत नाही, हँडल धरता येत नाही, तीन-चार दिवस घरीच. एक्स-रेमध्ये हाड ठीक आहे. त्याचे बुडलेले दिवस मी देते म्हटलं, तो नको म्हणतोय. तुम्ही याच कामात आहात म्हणून विचारते, रोजचे साधारण किती धरायचे? त्याला कमी पडायला नको.