मदत हवी आहे: ग्रामपंचायतीला उधारीवर माल देतो, निवडणुकीचा फॉर्म भरू शकतो का?

वायसर (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं गावात मोटारपंप, पाइप-फिटिंग आणि लाइटच्या सामानाचं दुकान आहे. एकट्याच्या नावावर, जीएसटी नंबर आहे, भागीदार कुणी नाही. येत्या ग्रामपंचायतीला आमचा वॉर्ड सर्वसाधारण आहे आणि पोरांनी मला उभं करायचं ठरवलंय. खोटं कशाला बोलू, मलाही हौस आहे. घोडं अडलंय ते एका वहीपाशी.

ग्रामपंचायत माझं जुनं गिऱ्हाईक. रात्री नऊला पाणीपुरवठ्याचा माणूस शटर वाजवतो, "शेठ, स्टार्टर जळाला, सकाळी पाणी सुटणार नाही." मी सामान काढून देतो आणि उधारीच्या वहीत लिहितो. 'ग्रा.पं.' म्हणून वेगळी पानंच आहेत. गेट व्हॉल्व्ह 1 नग, एलईडी 6 नग, सर्व्हिस वायर 1 बंडल, आणि खाली त्याची वेडीवाकडी सही. चार-सहा महिन्यांनी एकत्र बिल होतं, निधी आला की खात्यात पैसे येतात. टेंडर नाही, वर्क ऑर्डर नाही. मागचं बिल अजून लटकलेलंच आहे.

परवा समोरच्या पॅनेलचा एक जण आला, एक नळ घेतला, पैसे मोजताना हळूच म्हणाला, "तुम्ही तर पंचायतीचे ठेकेदार. छाननीत फॉर्म उडणार तुमचा."

तेव्हापासून झोप नाही. असा किरकोळ माल देणारा खरंच ठेकेदार धरतात का? अडकलेल्या बिलावर पाणी सोडलं तर सुटेन का? मेव्हणे म्हणतात दुकान बायकोच्या नावावर कर, विषय संपला. शिवाय माझी दोन वर्षांची घरपट्टी बाकी आहे. पंचायतीकडे माझे पैसे, माझ्याकडे त्यांचे, मग वळते करून घ्या म्हणू का?

काळा_डगला

तालुका कोर्टात वकिली करतो. कागद बघितल्याशिवाय शेवटचा शब्द देणार नाही, पण दिशा सांगतो.

तुमचा प्रश्न महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 (1) (जी) चा. पंचायतीच्या आदेशाने झालेल्या कामात किंवा पंचायतीशी केलेल्या करारात ज्याचा स्वतःचा अथवा भागीदारामार्फत, थेट किंवा आडून, हिस्सा किंवा हितसंबंध आहे तो सदस्य होऊ शकत नाही. झाला असला तर राहू शकत नाही. हे दुसरं वाक्य लोक विसरतात. अपात्रता फॉर्मपुरती नसते, पाचही वर्षं डोक्यावर असते.

'ठेकेदार' हा शब्द डोक्यातून काढा. कायदा कराराबद्दल बोलतो, आणि करार म्हणजे टेंडरच असं नाही. त्यांनी माल मागितला, तुम्ही दिला, बिल लावलं, हाही करारच. नेहमीच्या धंद्यातल्या अधूनमधूनच्या विक्रीला स्पष्टीकरणात सूट आहे, पण तिची वर्षाची मर्यादा इतकी तुटपुंजी की मोटारीच्या सामानाला ती पुरणार नाही.

राहिलेल्या बिलाबद्दल. कुणीतरी तुम्हाला सांगेलच की माल देऊन झाला, फक्त पैसे येणं बाकी आहे, म्हणजे करार संपला. असं स्पष्ट लिहिलेलं आहे, पण ते 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 9-ए मध्ये, आमदार-खासदारांसाठी. ग्रामपंचायतीला ते कलम लागू नाही. तोच युक्तिवाद करता येतो, मी स्वतः केलाय, पण युक्तिवाद करायची वेळ येणं म्हणजे तारखा आल्या. तुमच्या बाबतीत अडचण जुन्या बिलापेक्षा चालू व्यवहाराची आहे. रोज रात्री शटर वर होतंय तोवर 'माझा आता संबंध नाही' हे म्हणणार कसं?

दप्तरदार

ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी टेबलावरचं सांगतो.

फॉर्मसोबत पंचायतीकडून थकबाकी नसल्याचा आणि ठेकेदार नसल्याचा दाखला मागितला जातो. तुमचं बिल दप्तरात असताना दुसरा दाखला देताना कुठल्याही ग्रामसेवकाचा हात थरथरेल. गुपचूप मिळाला तरी उपयोग नाही. वित्त आयोगाचे पैसे थेट पुरवठादाराच्या खात्यात जातात आणि तो खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर कुणालाही दिसतो. तुमच्याकडून नळ घेणाऱ्या माणसानं ते आधीच बघितलं असणार.

तेव्हा आधी पंचायतीला पत्र द्या. अमुक तारखेनंतर माल पुरवणार नाही, पूर्वीचा हिशोब अमुक बिलाने पूर्ण झाला, पुरवठादार म्हणून माझं नाव कमी करा. आवक क्रमांकासह पोच घ्या. शिपायाची सही म्हणजे पोच नव्हे.

घरपट्टी वळती करायच्या भानगडीत अजिबात पडू नका! एक तर त्याने तुमचं आणि पंचायतीचं देणंघेणं चालू असल्याचा लेखी पुरावा तुम्हीच तयार करता. दुसरं, मागणीचं बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर 14 (1) (एच) खाली वेगळी अपात्रता आहे. उद्या सकाळी जाऊन भरा. पाणीपट्टीही. पावती दुकानात नको, घरात ठेवा.

आणि न विचारलेला प्रश्न: दुकानापुढे पत्र्याची शेड आहे का? गटारावर आलीय का?

वायसर

दप्तरदार काका, तुम्ही आमच्या गावचे तर नाही ना? शेड आहे, वडिलांनी घातलेली. दोन पाइपांवर पत्रा, खाली पीव्हीसीचे गठ्ठे उभे असतात. गटारावर हातभर आलीय.

काळा_डगला

उतरवा. शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण म्हणजे त्याच कलम 14 (1) मधली 'जे-3' अपात्रता. वडिलांनी केलं, मी नाही, हा बचाव पूर्वी चालून जायचा. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सांगितलं की अतिक्रमण घरातल्या माणसाने केलेलं असलं तरी त्याचा उपभोग घेणारा सदस्य अपात्र ठरतो. विरोधकाला कराराचे कागद जमवायला वेळ लागेल, शेडचा फोटो एका मिनिटात निघतो.

मेव्हण्यांच्या सल्ल्याविषयी. कलमात 'पत्नी' शब्द नाही हे खरं, म्हणूनच ही युक्ती गावोगाव चालते. पण 'अप्रत्यक्ष' हा शब्द आहे. दुकान तेच, गल्ल्यावर बसणारे तुम्हीच, माल पंचायतीलाच, फक्त पाटीवर नाव बदललं, तर जिल्हाधिकाऱ्यांपुढे काय सांगाल? 2012 मध्ये गोव्यातल्या एका पंच बाईंचं पद नवऱ्याच्या कामामुळे गेलं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन. तिथे पती-पत्नीच्या सामाईक मालमत्तेचा गोव्याचा कायदा कारणीभूत होता, आपल्याकडे जसाच्या तसा लागू नाही. तरी पंचायतीशी व्यवहार चालू ठेवायचा म्हणून नाव बदलत असाल तर ती पळवाटच दिसेल. व्यवहार बंद करणार असाल तर नाव बदलायची गरजच काय?

फॉर्म छाननीत उडाला तर मधेच कोर्टात धावून सहसा काही मिळत नाही. निकालानंतर 15 दिवसांत दिवाणी न्यायालयात निवडणूक याचिका हाच रस्ता. म्हणून जे करायचं ते फॉर्म भरण्याआधी.

उंबरा

मी पिठाची गिरणी चालवते आणि एक टर्म सदस्य होते. कायद्याचं वरच्यांना कळतं, मी धंद्याचं सांगते भाऊ.

निवडणूक लागली की उधारी मागता येत नाही. मागितली तर मत जातं, नाही मागितली तर दुकान जातं. मी मागायचं थांबवलं. निवडून आले, आणि त्यातली निम्मी उधारी अजून भिंतीवर खडूने तशीच आहे. तुम्ही आत्ताच, आचारसंहिता लागायच्या आधी वसुली करून घ्या. आणि हरलात तर गिऱ्हाईकावर राग काढू नका. कुणी मत दिलं नाही ते गावात तिसऱ्या दिवशी कळतं, त्याला पाइप महाग लावायचा मोह होतो.

खर्चाचं वेगळं बँक खातं काढा. प्रचाराला दुकानातली वायर आणि बल्ब वापरलेत तर तेही खर्चात दाखवा. निकालानंतर 30 दिवसांत हिशोब दिला नाही तर पाच वर्षं अपात्र करतात. आमच्या गावात हरलेल्या दोघांनी 'आता कशाला' म्हणून दिला नाही. पुढच्या वेळी बसले घरी.

वायसर

सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते सांगतो.

घरपट्टी-पाणीपट्टी भरली. शेड काल उतरवली. आई दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही. पत्र दिलं, आवक नंबर मिळाला. बिल सोडणार नाही, वकीलसाहेबांना फोनवर विचारून शेवटचं बिल आणि डिलिव्हरीच्या तारखांचा कागद करून ठेवलाय. वहीत 'ग्रा.पं.'च्या पानावर शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारून तारीख टाकली.

आणि परवाच्या रात्री परत शटर वाजलं. तोच माणूस, तोच स्टार्टर. माल मागे रॅकवर होता, मला बसल्या जागेवरून दिसत होता. त्याला म्हटलं, बाबा, पंचायतीला देता येत नाही आता, तालुक्याहून आण. तो बराच वेळ उभा राहिला. त्याला वाटलं पैशासाठी अडवतोय.

सकाळी वॉर्डात पाणी आलं नाही. दुपारी तालुक्याहून स्टार्टर आला. तोवर अख्ख्या वॉर्डात झालं होतं, 'शेठकडे होता, पण दिला नाही.' ज्या बायकांकडे मत मागायला जाणार त्याच हंडे घेऊन बोअरवर उभ्या होत्या. आता यांना चौदा एक जी कसं समजावू?

उंबरा

कलम सांगू नका. पत्राची पोच खिशात ठेवा, आणि वॉर्डात पहिलं घर त्या पाणीवाल्याचं घ्या. त्याला नीट कळलं तर तोच बोअरवर सांगेल.