दिवाळी पहाट: मुलांसाठी फुलबाज्या

प्रेषक: दिवाळी समिती

नमस्कार मंडळी,
हॉल ठरला, फराळाची ऑर्डरही गेली. फराळानंतर मुलांना पार्किंगमध्ये फुलबाज्या आणि नागगोळ्या द्याव्यात, असा विचार आहे. चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, उरलेल्या बऱ्याच जणांच्या गराजमध्ये असतील, त्या आणा. बॉम्ब, बाण काही नाही. पोर्टलंड (ओरेगन) शहरात २०२२ पासून फटाक्यांवर बंदी आहे, पण आपला हॉल हद्दीबाहेर आहे. तरी हॉलवाल्यांना विचारूनच करू. नोव्हेंबरात सगळं ओलंच असतं, आगीची भीती नाही. हरकत असल्यास रविवारपर्यंत कळवा.

प्रेषक: काकू

समितीस नमस्कार,
माझी हरकत आहे, आणि ती नेमकी या दोन वस्तूंनाच आहे. बॉम्बला आपण सगळेच घाबरतो, म्हणून मुलांना लांब ठेवतो. फुलबाजी मात्र तीन वर्षांच्या पोराच्या हातात देतो आणि फोटो काढायला मागे सरतो.

फुलबाजी जळते तेव्हा तिचं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं. पुण्याला आमच्या वाड्यात अभ्यंगस्नान उरकून धाकटा भाऊ अनवाणीच अंगणात धावला आणि कोणीतरी टाकलेल्या तारेवर त्याचा पाय पडला. तार काळी पडली होती, विझलेली दिसत होती. तळव्यावर आडवा, तारेएवढाच बारीक वळ उठला आणि बघता बघता फुगला. आजी टूथपेस्ट शोधत होती. आईने ऐकलं नाही, नळाखाली पाय धरून बसवलं. तेच बरोबर होतं. पुढे भाऊबीजेपर्यंत तो टाचेवर चालत होता.

विझलेलं दिसतं ते विझलेलं नसतं. २०२१ च्या चार जुलैला पोर्टलंडमध्येच एका अपार्टमेंटला आग लागून माणसं गेली. कारण निघालं ते कचऱ्याच्या डब्यात टाकलेले, वापरून झालेले फटाके. आपल्या हॉलमागेही तसाच डबा आहे, भिंतीला लागून.

आता नागगोळी. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये फटाक्यांचा धूर मोजला होता. सूक्ष्म कणांत (पीएम २.५) पहिली आली ती नागगोळी: घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅम. हजाराच्या लडीचा आकडा ३८,५४०, फुलबाजीचा १०,३९०, भुईनळ्याचा ५,००० च्या आत. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मर्यादा आहे १५. नागगोळीचा आकडा अगदी जवळून घेतलेला, क्षणभराचा आहे, हे मान्य. पण साप कसा निघतो ते बघायला मूल नेमकं तिथंच, उकिडवं, नाक वीतभर अंतरावर आणून बसलेलं असतं ना!

आणि ओलं म्हणाल, तर पाऊस आला की सगळी पोरं पोर्चखाली जमतील, धूर तिथंच कोंडेल. आपल्यातल्या काही मुलांच्या दप्तरात इनहेलर असतो. २०२० च्या सप्टेंबरात वणव्यांच्या धुराने आपण दारं-खिडक्या लावून बसलो होतो, ते दिवस त्यांच्या आयांना विचारा. त्याआधी २०१७ मध्ये ईगल क्रीकला पंधरा वर्षांच्या एका मुलाने दरीत फटाका टाकला आणि कोलंबिया गॉर्जचं, म्हणजे इथल्या कोलंबिया नदीच्या दरीचं, जवळपास ४९,००० एकर रान पेटलं. आपल्या गाड्यांवर राख पडली होती. तो मुलगाही कोणाचं वाईट करायला गेला नव्हता.

प्रेषक: एक पालक

काकू, सगळं पटलं. पण माझी मुलगी सहा वर्षांची झाली, तिने अजून फुलबाजी हातात धरलेली नाही. माझ्या लहानपणातलं किती थोडं मी तिला देऊ शकतो इथे! तेवढं तरी राहू द्या.

प्रेषक: काकू

अरे, तुझं वाचून गलबलून आलं. नागगोळ्या नकोतच, त्यावर मी ठाम आहे. फुलबाजी हॉलवाले हो म्हणाले तरच, आणि तीही उघड्यावर. एका वेळी एकच मूल, शेजारी त्याचे आई किंवा बाबा. पायात बूट हवेत. नायलॉनचा घेरदार परकर नको, सुती कपडे घाला; ओढणी खोचून घ्या. तार हातातून सुटली की थेट पाण्याच्या बादलीत, आणि ती बादली रात्रभर तशीच राहील. इनहेलरवाली मुलं आत माझ्याबरोबर किल्ला करतील. मावळे मी आणते, पुण्याहून आणलेले आहेत.

प्रेषक: दिवाळी समिती

काकू, तुम्ही म्हणता तसंच करू. नागगोळ्या रद्द, कोणी आणू नयेत. मोठ्या बादल्या चार लागतील, दोन माझ्याकडे आहेत. उरलेल्या दोन कोण आणतंय? आणि किल्ल्यासाठी मातीची पोती कोणाच्या गाडीत मावतील?