चिंचिलाची जोडी लावून पिलं विकणं मराठवाड्यात योग्य आहे का?

गोदाकाठची (नांदेड)

होळी झाली आणि पाळीव प्राण्यांच्या गटांवर पुन्हा त्याच जाहिराती फिरायला लागल्या: चिंचिलाची जोडी घ्या, वर्षाला दोन वेतं, घरबसल्या कमाई. खाली किंमत विचारणारे बहुतेक कॉलेजची पोरं, नाहीतर जोडधंदा शोधणारे शेतकरी. म्हणून हा धागा काढते आहे.

चिंचिला म्हणजे दक्षिण अमेरिकेतला, दाट मऊ फरचा छोटा कुरतडणारा प्राणी. तो पाळायला माझा विरोध नाही. माझ्याकडे दोन माद्या आहेत आणि त्यांच्यावर माझा जीव आहे. विरोध पैदाशीला आहे. ज्या जनावराचे आईबाप, आजा-आजी कुणालाच ठाऊक नाहीत, त्याची पिलं काढून विकू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

उन्हाचं सगळेच बोलतात. एकेका केसमुळातून पन्नास-साठपर्यंत केस असलेली फर, घाम येत नाही, पारा २५ च्या पुढे गेला की उष्माघाताची भीती. आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ असतो. हे उघड आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

मला जास्त काळजी दातांची वाटते. चिंचिलाचे पुढचे दात आणि दाढा जन्मभर वाढत राहतात. जबड्याची ठेवण बिघडलेली असली की दाढा एकमेकींवर नीट घासल्या जात नाहीत. कडा टोकदार होऊन जीभ नि गाल कापतात. मुळं वरच्या बाजूला डोळ्याकडे आणि खाली जबड्याच्या हाडात सरकतात. डोळ्याला पाणी येतं, हनुवटी लाळेने ओली राहते, शेवटी खाणंच सुटतं. दाढा घासून घेतल्या तर काही काळ आराम पडतो, पण आजार जात नाही. चुकीच्या खाण्यानेही हे होतं, पण बऱ्याचदा ते रक्तातूनच आलेलं असतं, आणि रक्तातला दोष जनावर दोन-चार वर्षांचं झाल्यावर उघडा पडतो. मादी तर आठ-नऊ महिन्यांची झाली की लोक जोडी लावतात. दोष कळेपर्यंत तिची तीन-चार वेतं झालेली असतात आणि पिलं बीड, हिंगोली, जालना, कुठे कुठे पोहोचलेली असतात. त्यांतल्या काहींची पुन्हा जोडी लागलेली असते. कुणाला फोन करून थांबवणार?

रंगाचंही तसंच. दोन पांढरे चिंचिला किंवा दोन वेल्वेट (पाठीवर गडद झाक असलेल्या रंगाचे) एकत्र लावले, तर ज्या गर्भाला दोन्हीकडून तोच जीन मिळतो तो जगत नाही. म्हणजे साधारण चौथा हिस्सा पोटातच जातो. 'पांढरी जोडी' म्हणून जास्त भावाने विकणाऱ्या किती जणांनी हे गिऱ्हाइकाला सांगितलं आहे?

बालाघाट (लातूर)

ताई, जाहिरातबाजांवरचा तुमचा राग मला मान्य आहे. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. मी पैदास करतो आणि जबाबदारीने करतो. खोलीत एसी २० वर असतो, छतावर सोलर आहे, बॅटरीचा बॅकअप आहे. नर आणि मादी दोन वेगळ्या शहरांतून, दोन वेगळ्या विक्रेत्यांकडून घेतले. पिलांचं वजन ग्रॅमच्या काट्यावर करतो, आठ आठवड्यांच्या आत पिलू आईपासून तोडत नाही.

आता माझा प्रश्न. मागणी तुमच्या धाग्याने थांबणार आहे का? मी पिलं दिली नाहीत तर माणूस मुंबईच्या बाजारात जाईल आणि कुठून आलं, किती दिवस डब्यात कोंडलं होतं, याचा पत्ता नसलेलं जनावर घेऊन येईल. त्यापेक्षा माणसाच्या हाताला सरावलेलं, आईचं दूध प्यालेलं पिलू बरं की नाही?

दुसरं. हा बर्फातला प्राणी आहे हा गैरसमज आहे. चिलीत इलापेलजवळ १९८३ पासून चिंचिलांसाठी राखीव क्षेत्र आहे, तिथे ते ४०० मीटर उंचीपासून राहतात. आपलं लातूरच ६०० मीटरच्या वर आहे. कोरडा, काटेरी मुलूख, पाऊस थोडा. अंघोळसुद्धा धुळीत करतो. २०१६ ला ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या गावाला कमी पाण्याचं जनावर परकं कसं?

आणि जंगलातून हा प्राणी नाहीसा होत चालला आहे. तो घराघरात वाढतोय यात पाप काय? हस्की नि सेंट बर्नार्ड या थंड मुलखातल्या कुत्र्यांची पिलं विकणाऱ्यांना कुणी काही विचारत नाही.

गोदाकाठची (नांदेड)

दादा, हस्कीवाल्यांनाही विचारलंच पाहिजे. तिकडे चुकतंय म्हणून इकडचं बरोबर ठरत नाही.

उंचीचा आकडा तुम्ही खरा दिला, पण उंची म्हणजे गारवा नव्हे. इलापेल प्रशांत महासागरापासून फार दूर नाही, आणि तो किनारा हम्बोल्टच्या थंड प्रवाहाने गार राहतो. तिथला चिंचिला दिवसा खडकांच्या कपारीत लपतो, बाहेर पडतो ते दिवस मावळल्यावर. आपल्याकडे मे महिन्यात रात्री दहालासुद्धा भिंतीतून झळा येतात.

जंगलातल्या चिंचिलांचं म्हणाल तर त्यांना संपवलं फरच्या धंद्याने. १९१० मध्ये चिली, अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि पेरू यांनी शिकारबंदीचा करार केला, तोवर फार उशीर झाला होता. मॅथियस चॅपमन नावाच्या अमेरिकन खाण अभियंत्याने १९२३ मध्ये ११ चिंचिला कॅलिफोर्नियाला नेले. बहुतेक पाळीव चिंचिला त्याच कळपाचे वंशज मानले जातात, आणि तो कळप वाढवला तोही फरसाठीच. शंभर वर्षं माणसाने निवडून पैदास केलेलं हे जनावर परत अँडीजमध्ये सोडायला कुणी नेणार नाही. लातुरातल्या पिलाने जंगलातला एकही चिंचिला वाचत नाही.

म्हणूनच दोन शहरांतले दोन विक्रेते ही खात्री मला पुरत नाही. दोघांचा माल एकाच आयातदाराकडून, कदाचित एकाच पिंजऱ्यातून आलेला असू शकतो. तुमचा नर आणि मादी भाऊबहीण नाहीत, हे तुम्ही कोणत्या कागदावरून सांगता?

उस्मानाबादी (कळंब)

मी शेळ्या राखतो. चिंचिला फक्त मोबाइलवर बघितलाय, पण पैदाशीतलं थोडं कळतं म्हणून लिहितो.

आमच्याकडं बोकड दोन वर्षांच्या वर एका कळपात ठेवत न्हाईत. त्याच्याच लेकी माजावर यायच्या आत तो बदलायचा, न्हाईतर करडं नाजूक निपजतात. देवणी गाई-बैल राखणाऱ्यांना विचारा. वानेरा, बालंक्या, शेवरा असे प्रकार ते लांबून ओळखतात, आणि वळू कुणाच्या दावणीचा, त्याची आई किती दूध द्यायची, हे म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतं. कागद नसंल, पण नोंद असती. गावात असती, डोक्यात असती. चिंचिलाची नोंद ना कागदावर, ना डोक्यात. ताईचा मुद्दा हाच हाय आणि मला तो पटला.

दुसरी गोष्ट धंद्याची. इमू पक्षी पाळायचा धंदा आला तेव्हा पहिल्या लोकांनी कमावलं, ते इमूचं मांस विकून न्हाई, इमूची पिलं विकून. कडकनाथ कोंबड्यांचं इस्लामपूरचं फसवणुकीचं प्रकरण २०१९ ला फुटलं, तिथंही गुंतवणाऱ्यांना पिलं दिली होती आणि अंडी-कोंबड्या परत घेऊ म्हणून सांगितलं होतं. ज्या धंद्यात तुमचं गिऱ्हाईक म्हणजे पुढचा पिलं विकणाराच, तिथं शेवटच्या माणसाच्या गळ्यात जनावर राहतं. शेळीचं तसं न्हाई, सोमवारी बाजारात नेली की तिला गिऱ्हाईक हाय. हा चिंचिला पंधरा-वीस वर्षं जगतो म्हणता. शेवटचा माणूस त्याला कुठं नेणार?

दुधना (जालना)

सगळे नको नकोच म्हणायलेत. मग करायचं काय आम्ही? २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, माझ्या बापाने त्याच्या खाली विकलं. शेळीला चारा लागतो, जागा लागते, राखायला माणूस लागतो. चिंचिला एका खोलीत मावतो. पिलं खपली नाहीत तर फर तरी विकता येईल ना?

गोदाकाठची (नांदेड)

भाऊ, फरचा विचार डोक्यातून काढून टाक. चिंचिलाच्या फरच्या आयातीवर भारताने जानेवारी २०१७ मध्ये बंदी घातली, त्यावरून समज. एका कोटासाठी शंभराहून जास्त जनावरं मारावी लागतात.

तुझी अडचण खरी आहे, तिला हलकं समजू नकोस आणि कुणाला समजू देऊ नकोस. पण मे महिन्याचं एसीचं बिल धरून हिशोब कर. एका वेळेला एक किंवा दोन पिलं, कधी तीन. गाभणकाळ १११ दिवसांचा. एवढ्याशा जनावराला शेळीच्या पाच महिन्यांपेक्षा थोडाच कमी. जाहिरातीतले आकडे या गणितात बसत नाहीत.

आणखी एक, विक्रेता 'सगळं कायदेशीर आहे' म्हणेल. जंगली चिंचिला साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे, पाळीव वाण त्यातून वगळलेलं आहे. तरी बिल आणि आयातीचे कागद मागायचे. टाळाटाळ केली तर तिथेच थांबायचं. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आले आहेत, शंका असली तर वनविभागाला लेखी विचार.

पशुवैद्य (परभणी)

वाचत होतो, लिहिणार नव्हतो. पण माझ्याकडे अशी जनावरं येतात आणि बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

आमच्या रोजच्या कामात गाय, म्हैस, शेळी, कुत्रं. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत हे आपलं भाग्य, पण तालुक्याच्या दवाखान्यात अर्ध्या किलोच्या जनावराला भूल देऊन दातांचा एक्स-रे काढण्याची सोय नसते. शेळीला सर्रास देतो ती काही अँटिबायोटिकं, विशेषतः पेनिसिलिन गटातली, चिंचिलाला तोंडावाटे दिली तर आतड्यातले उपयोगी जंतू मरून जनावर दगावतं. हे मालकाला माहीत नसतं आणि कधी कधी डॉक्टरलाही नसतं.

विण्याला अडलेल्या मादीचं तर विचारू नका. पिलू अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतं, तेही ३० ते ६० ग्रॅमचं. आईच्या मानाने मोठंच. अडलं तर सिझेरियन, आणि ते रात्री अकराला हिंगोलीत कोण करणार? पुण्याला नेईपर्यंत वेळ गेलेली असते.

सगळ्यात जास्त त्रास मला दिसतो तो वेगळाच. मादी व्याल्यावर काही तासांत पुन्हा माजावर येते. नर त्याच पिंजऱ्यात असला की त्याच दिवशी पुन्हा गाभण. अंगावर पिलं, पोटात पुढचं वेत. दोन वर्षांत ती मादी हाडांचा सापळा होते. 'वर्षाला दोन वेतं' या जाहिरातीचा अर्थ हा आहे.

बालाघाटसारखा सांभाळणारा विरळा. त्यांना बंदी घाला असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या घरच्या एसीने मला समाधान नाही, कारण पिलू विकलं की ते दुसऱ्याच्या घरात जातं. तिथे डीपी जळाली आणि दोन दिवस लाईट आली नाही तर?

बालाघाट (लातूर)

डॉक्टर, डीपीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. सोलर मी घेणाऱ्याच्या छतावर बसवू शकत नाही. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पिलं पाठवणारे मीही पाहिलेत, ते गुन्हेगार आहेत.

तेव्हा एवढं करतो. एप्रिल ते जून एकही पिलू घराबाहेर देणार नाही. घेणाऱ्याची खोली आधी स्वतः पाहीन. सांभाळणं जमलं नाही तर पिलू मलाच परत, हे लिहून घेईन. पांढऱ्यावर पांढरा मी आधीही लावला नव्हता.

पण वंशावळ नाही म्हणून पैदासच नको, हे मला मान्य नाही. कुठूनतरी सुरुवात करावी लागेल. आज नोंद ठेवली तर दहा वर्षांनी तीच वंशावळ होईल. देवणीची नोंदही कुणीतरी पहिल्यांदा ठेवलीच असेल.

गोदाकाठची (नांदेड)

दादा, एप्रिल-जूनचा नियम आणि परत घेण्याची चिठ्ठी, दोन्ही मनापासून आवडलं. इतरांनी उचलावं असं आहे.

नोंदीबाबत मात्र माझं मत तेच. सुरुवात करायची तर पिलं न विकता करा. आहेत त्या जनावरांचे दात चार-पाच वर्षांचे होईपर्यंत पहा, एक्स-रे काढा, मग जोडी लावायची की नाही ते ठरवा. तोवर सोबत हवी असेल तर दोन माद्या ठेवा, नाहीतर दोन नर. देवणीत चुकलेला गोऱ्हा औताला तरी जातो. इथे चुकलेलं पिलू वर्षानुवर्षं दातदुखी सोसत उपाशी राहतं, आणि ते सोसणारं जनावर तुमच्या-माझ्या नोंदवहीसाठी जन्माला घालायचं, हे मला पटत नाही.

बालाघाट (लातूर)

यावर आपलं जुळणार नाही ताई. पण एक सांगायचं राहिलं. मादी गाभण आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लागली, म्हणजे मे अखेरीस व्यायला होईल. डॉक्टर, आतापासून काय काय करून ठेवू?

पशुवैद्य (परभणी)

नराला मेच्या सुरुवातीलाच वेगळ्या पिंजऱ्यात हलवा, दिवस भरेपर्यंत थांबू नका. मादीच्या पिंजऱ्यातल्या वरच्या फळ्या काढा, पिलं जन्मल्यापासून उड्या मारतात आणि पडतात. गवत भरपूर ठेवा, लसूण घास थोडा चालेल, सूर्यफूल नि मनुका नको. व्याल्यावर आठ-दहा दिवस आईला धुळीची अंघोळ देऊ नका. पिलांचं वजन रोज एकाच वेळी करा, सलग दोन दिवस घटलं तर दूध कमी पडतंय असं समजा आणि लगेच कळवा, दर दोन-तीन तासांनी हाताने पाजावं लागेल. बॅटरीवर एसी किती तास चालतो ते आत्ता एप्रिलमध्येच मेन बंद करून बघा. आणि सिझेरियन करू शकेल अशा पुण्याच्या डॉक्टरशी याच आठवड्यात बोलून ठेवा.